मावसभाऊ हातानं फेकणार, तू रॅकेटनं मारणार, मग जिंकणार कोण?

धुळ्याचा एक पोरगा विचारून राहिला, त्याचा प्रश्न थोडक्यात असा. तो तीन वर्षं टेनिस खेळतो, आठवड्यातून चार दिवस. मावसभाऊ शिरपूरकडचा, तालुक्याच्या टीममध्ये बाउंड्रीवर उभा राहतो, थ्रो असा की विकेटकीपरला जागेवरून हलावं लागत नाही. तो मावसभाऊ म्हणे, तुझी रॅकेट तुझ्याजवळ ठेव, मी बॉल हातानं झेलीन आणि हातानंच पलीकडं फेकीन, एक सेट खेळू, हरेल त्यानं वीस माणसांना भरीत-पुरीची पार्टी द्यायची. आता कोण जिंकेल, आणि नियम काय ठेवायचे.

भाऊ, मी भुसावळ-जळगाव पट्ट्यात चोवीस वर्षं पोरांना टेनिस शिकवतो आणि ही पैज मी स्वतः तीनदा खेळलोय, त्यामुळं ऐकीव सांगत नाही. नियम न ठरवता उतरलास तर तू हरशील. नियम नीट ठरवलेस तर सामना अटीतटीचा होईल, आणि नियम फार कडक केलेस तर तू जिंकशील पण पार्टीला कुणी यायचं नाही. सगळा खेळ एका गोष्टीवर आहे, बॉल हातात आल्यावर त्याच्या पायांनी काय करायचं. हात किती जोरात फेकतो हा प्रश्न त्याच्या खूप नंतरचा.

माझी पहिली पैज सांगतो. मी सव्वीस वर्षांचा, जिल्ह्यात दोन-चार कप घेतलेले, डोक्यात हवा. समोर माझा दोस्त, रेल्वेतला, विकेटकीपर. कोर्ट मुरमाचं, सकाळी पाणी मारून रोलर फिरवलेला, चुन्याच्या रेषा अजून ओल्या. अंपायर म्हणून कोर्टाचा माळी खुर्चीवर, त्याला फक्त इन की आऊट एवढंच सांगायचं काम. पहिला पॉइंट, मी मस्त खोल फोरहँड मारला, त्यानं बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या शेवटच्या रेषेच्या मागं दोन्ही हातात झेलला, आणि झेलून तो पळत सुटला. बॉल हातात धरून नेटपर्यंत आला, मी बेसलाइनवर उभा, तो नेटवरून वाकून बॉल माझ्या बाजूला असा ठेवला जसा कुणी देवापुढं नारळ ठेवतो. मी ओरडलो, तर तो म्हणे पळायचं नाही असं कुठं ठरलं होतं? आणि हसत विचारतो, "आते काय करशी, सर?" माळी म्हणे साहेब, बॉल तर इन आहे. मी 6-2 हरलो, आणि ते दोन गेमसुद्धा त्यानं दयेनं दिले असं मला आजही वाटतं.

म्हणून पहिला नियम पायांचा. मी काही डोकं लावून शोधलेला नाही, आपल्याकडं शाळेत हे सगळं आधीच आहे. रिंग टेनिस खेळलायस ना? त्यात रिंग ज्या हातानं झेलली त्याच हातानं लगेच परत टाकायची, हातात घेऊन फिरायचं नाही. थ्रोबॉलमध्ये तर सरळ तीन सेकंदांची मर्यादा आहे, झेलला की तीन सेकंदांच्या आत खांद्याच्या वरून फेकायचा. आणि स्पेनकडं एक खेळ आहे, हाय अलाय म्हणतात त्याला, हाताला वेताची लांब वाकडी टोपली बांधून भिंतीवर बॉल फेकतात, त्यात झेलणं आणि फेकणं एकाच झोक्यात व्हावं लागतं, मध्ये थांबला की पॉइंट गेला. म्हणजे झेलून फेकायचा खेळ जगात जिथं जिथं आहे तिथं तिथं हातातल्या बॉलवर कुणीतरी घड्याळ लावलेलंच आहे.

दुसऱ्या पैजेत मी चिडून हाय अलायवाला नियम लावला, एकाच झोक्यात, थांबणं नाहीच. दोस्त 6-0 हरला, आणि दुसऱ्या गेमनंतर बघणारे चार जण चहाला निघून गेले. बिचारा उलट्या हाताला झेलायचा, अंग डावीकडं वळलेलं, आणि तसंच्या तसं फेकायचं, मग बॉल कुठं जाणार? नेटमध्ये नाहीतर शेजारच्या बाभळीत. तिसऱ्या वेळी आम्ही तोड काढली, झेलल्यावर एकच पाऊल, आणि अंपायरनं मोठ्यानं "एक, दोन" म्हणेपर्यंत बॉल हातातून सुटला पाहिजे. पळता पळता झेलला तर वेगानं दोन पावलं जातातच, तेवढी सूट द्यायची, पण ती बाजूला किंवा मागं, नेटकडं नाही. हा नियम जमला. तो सेट मी 7-5 जिंकलो आणि संध्याकाळी मला पाणी प्यायला हात वर नेववत नव्हता, तर विचार कर त्याचा खांदा कसा असेल. खांद्याचं पुढं सांगतोच.

आता हात विरुद्ध रॅकेट. लोकांना वाटतं रॅकेटचा फायदा म्हणजे जोर. जोर आहेच, अमेरिकेच्या टेनिसवाल्या जॉन इस्नरची 2016 मधली सर्व्हिस ताशी 253 किमीची मोजली गेली, आणि माणसानं हातानं टाकलेला सगळ्यात वेगवान क्रिकेटचा बॉल शोएब अख्तरचा, 2003 च्या वर्ल्ड कपमधला, 161.3. पण तू इस्नर नाहीस आणि मावसभाऊ शोएब नाही. तुमच्या लेव्हलला तो 90 नं फेकेल आणि तूही रॅलीत साधारण तेवढ्याच वेगानं मारशील, तिथं फार फरक नाही. खरा फरक बॉलच्या वजनात लपलाय. क्रिकेटचा बॉल 156 ते 163 ग्रॅमचा, टेनिसचा जेमतेम 56 ते 59, आणि वरून लोकर पांघरलेली. हवा त्याला धरून ठेवते. 90 च्या वेगानं सुटलेल्या टेनिस बॉलला हवेचा अडथळा गुरुत्वाकर्षणापेक्षाही जास्त जोरानं मागं ओढतो, मी गणित करून बघितलंय, बारावी सायन्सच्या पोराला सांग तोही करून देईल. एका बेसलाइनपासून दुसऱ्या बेसलाइनपर्यंत 23.77 मीटर, तेवढ्यात त्याचा एक तृतीयांशाहून जास्त वेग हवेतच जातो, तिथं पोचायला सव्वा सेकंद लागतो, आणि टप्पा पडल्यावर आणखी मंदावतो ते वेगळंच. क्रिकेटच्या बॉलचं एवढं नुकसान होत नाही. त्यामुळं मावसभावाला पहिल्या दहा मिनिटांत एक धक्का बसणार, त्याचा तो फेमस थ्रो इथं गोळीसारखा जायचाच नाही, नेट ओलांडून पलीकडं गेल्यावर पतंग कटल्यासारखा खाली येईल. पण टेनिस बॉल क्रिकेट खेळणारा असेल तर त्याला हे माहीत असतं, आणि आपल्याकडं गल्लीगल्लीत तेच चालतं, तेव्हा आधी चौकशी करून ठेव की तो लेदरवाला आहे की टेनिसवाला.

दुसरा फायदा लांबीचा. रॅकेट 27 इंची, म्हणजे साडेअडुसष्ट सेंटीमीटर, तेवढा तुझा हात दोन्ही बाजूंना लांब झाला. सिंगल्सचं कोर्ट 27 फूट रुंद. तुला एका बाजूला दोन पावलं टाकून जो बॉल मिळतो त्यासाठी मावसभावाला तीन-चार पावलं, आणि तेसुद्धा झेलायला, नुसतं टेकवायला नाही. झेलायचं म्हणजे बॉलच्या मागं अंग न्यावं लागतं. शिवाय हा बॉल उड्या मारणारा आहे, 254 सेंटीमीटरवरून टाकला तर 135 ते 147 सेंटीमीटर वर आलाच पाहिजे असा नियमच आहे त्याचा, म्हणून ताठ तळव्यावर आपटला की बाहेर उडतो. स्लिपमध्ये उभा राहणारा फिल्डर हात सैल सोडून मागं नेतो, तो झेलेल. बाउंड्रीवाल्याला उंच कॅचची सवय, जमिनीवरून वळत उसळून छातीवर येणारा बॉल त्याला अवघड जातो.

आता त्याच्याकडं काय आहे ते नीट ऐक, कारण इथंच टेनिसवाले फसतात. त्याच्या हातून चूक होत नाही. क्लब लेव्हलचं टेनिस कोण जिंकतं? जो कमी चुका करतो तो. तू दहा फोरहँडपैकी तीन नेटमध्ये किंवा बाहेर घालतोस, घालतोसच, मी रोज बघतो तुमच्यासारख्यांना. तो दहापैकी दहा थ्रो कोर्टात टाकणार. त्याची डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट जाणं, नाही. आणि तो बॉल हातात धरून तुझ्याकडं बघू शकतो, अंपायर "एक" म्हणेपर्यंत तुझं वजन उजवीकडं गेलं की तो डावीकडं सोडतो. हळूच नेटपाशी टाकायचा ड्रॉप तर हाताइतका चांगला कुठल्याच रॅकेटनं जमत नाही. माझ्या कोर्टावर एक बॉल उचलणारा पोरगा होता, तापीकाठच्या गावचा, घरी ज्वारी निसवली की माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं हाकलणारा. त्याला मी एकदा सर्व्हिस बॉक्सच्या कोपऱ्यात रिकामा डबा ठेवून दिला, बेसलाइनवरून फेक म्हटलं. पहिला बॉल डब्याच्या शेजारी, दुसरा डब्यावर, तिसऱ्याला डबा आडवा. फेकताना त्याचं डोकं जरासुद्धा हलत नव्हतं, नजर डब्यावर आणि ओठ घट्ट मिटलेले. मी तीस बॉल सर्व्ह केले, डबा दोनदा पाडला. तेव्हापासून फेकणाऱ्याला कमी समजायचं मी सोडून दिलंय.

सर्व्हिसचं काय ठेवायचं? त्याला बेसलाइनच्या मागून, खांद्याच्या वरून, तिरक्या बॉक्समध्ये फेकू दे, जो नियम तुला तोच त्याला. त्याचा हात साधारण दोन मीटर उंचीवरून बॉल सोडतो, तू रॅकेटनं पावणेतीन मीटरवर मारतोस, त्यामुळं त्याची सर्व्हिस तुला भात वाढल्यासारखी मिळेल, त्यावर पुढं येऊन मारायचंच. तुझी सर्व्हिस मात्र त्याला झेलावी लागणार. इथं सगळे जोरात मारायला जातात आणि फॉल्ट करतात. जोर नको, बाजूला जाणारी मार, बॉक्सच्या बाहेरच्या कोपऱ्यात, त्याचा फेकायचा हात ज्या बाजूला नाही त्या बाजूला. झेललीच तर एका हातानं, अंग वाकडं करून झेलेल, आणि एका पावलात सरळ होऊन फेकायला त्याला वेळच नाही. दुसरी जागा कमरेची. फेकणाऱ्या हाताच्या बाजूच्या खिशावर येणारा बॉल झेलून दाखव मला, कोपर अडकतं, बोटं वर करावी की खाली हेच कळत नाही. क्रिकेटवाल्यांना विचार, ते पण हेच सांगतील.

आणि एक गंमत, जी मला तिसऱ्या पैजेत पाचव्या गेमला लक्षात आली. क्रिकेटवाल्याला हवेत आलेला बॉल सोडता येत नाही. अंगात भिनलंय त्याच्या, बॉल दिसला की हात वर. माझे दोन-तीन फोरहँड चांगले दोन फूट बाहेर चालले होते आणि दोस्तानं उडी मारून झेलले. झेलला म्हणजे खेळला, बॉल चालू! टेनिसमध्येही तसंच आहे, बाहेर जाणारा बॉल टप्पा पडायच्या आधी तुझ्या अंगाला किंवा रॅकेटला लागला तर आऊट म्हणून ओरडून उपयोग नाही. मी त्याला हे सांगितलं नाही, सेट संपल्यावर चहा पिताना सांगितलं, त्यानं कप खाली ठेवून माझ्या खानदानाची चौकशी केली. तू सुद्धा सांगू नकोस, पण नियम आधी कागदावर लिहून घे, म्हणजे नंतर भांडण नको. त्याच कागदावर हेही लिही, आधी अंगाला लागून मग झेललेला बॉल पॉइंट गेला, आणि हातात उडत राहिलेला बॉल जमिनीला लागेपर्यंत चालू. हे दुसरं त्याच्या फायद्याचं आहे, असू दे, काहीतरी द्यावं लागतं.

पैजेच्या अटी ठरवणं हाच अर्धा खेळ असतो हे ज्याला सगळ्यात चांगलं कळत होतं तो अमेरिकेचा टेनिसवाला बॉबी रिग्ज. 1939 ला विम्बल्डनला जाऊन त्यानं स्वतःवरच पैज लावली की सिंगल्स, डबल्स आणि मिक्स्ड तिन्ही मीच जिंकणार, आणि जिंकला. नंतर तर स्वतःच्या बाजूला कोर्टात खुर्च्या मांडून लोकांशी पैजा खेळायचा. पंचावन्नाव्या वर्षी, मे 1973 मध्ये, त्यानं महिला चॅम्पियन मार्गारेट कोर्ट हिला 6-2, 6-1 हरवलं, आणि चारच महिन्यांनी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये दुसरी महिला चॅम्पियन बिली जीन किंग हिच्याकडून 6-4, 6-3, 6-3 असा हरला. तिनं काय केलं, त्याचे ते हळू, उंच, फसवे बॉल घाई न करता परत दिले आणि म्हाताऱ्याला कोर्टभर पळवलं. तुझ्या मावसभावासोबत तुला नेमकं हेच करायचंय. पॉइंट मारून संपवायला जाऊ नकोस. पाच-सहा शॉटची रॅली कर, एक डावीकडं, एक उजवीकडं, एक पुढं, एक डोक्यावरून. तुला बॉल परत द्यायला एक झोका लागतो, त्याला तीन कामं, थांबवायचा, वळायचं, फेकायचा. प्रत्येक वेळी तो अर्ध्या सेकंदानं उशिरा जागेवर येतो आणि तो उशीर साठत जातो.

तसं बघितलं तर तो काही नवीन खेळ काढत नाहीये. या खेळाचा फ्रान्समधला आजोबा होता त्याचं नावच ज द पोम, म्हणजे तळहाताचा खेळ. आधी उघड्या हातानं बॉल मारायचे, मग हातमोजा आला, रॅकेट रुळली ती सोळाव्या शतकाकडं. हात दुखला म्हणूनच लोकांनी रॅकेट शोधली असणार, असं माझं आपलं मत.

हात दुखण्यावरून खांदा. हिशोब कर, दहा गेमचा सेट, गेममध्ये सहा पॉइंट, पॉइंटला तीन थ्रो, झाले 180. मॅचमध्ये बाउंड्रीवरचा फिल्डर पूर्ण ताकदीनं किती वेळा फेकतो, बोटावर मोजण्याइतका. आणि हलका बॉल जास्त वाईट, हाताला वजन लागत नाही म्हणून माणूस अजून झटका देतो, आणि तो झटका कोपरात जाऊन बसतो. माझा दोस्त दुसऱ्या दिवशी ड्युटीवर डाव्या हातानं सही करत होता. म्हणून एकच सेट, प्रत्येक दोन गेमनंतर पाच मिनिटं बसायचं, आणि आधी पंधरा मिनिटं हळू फेकून खांदा गरम करायचा, हे त्याला सांग, भाऊ आहे तुझा. शिवाय डोळ्यांचं बघा. दोघंही नेटजवळ असताना तो सहा मीटरवरून फेकणार आणि तू मारणार, तेव्हा सर्व्हिस लाइनच्या आत असताना एकमेकांच्या अंगावर बॉल नाही, टाकला तर पॉइंट समोरच्याला. आमच्याकडं हा नियम नव्हता, माझ्या चष्म्याची काडी गेली.

पैशाची पैज नको, भरतावरच ठेवा, आणि मॅच डिसेंबर-जानेवारीत घ्या. मे महिन्यात 44-45 डिग्रीला मुरमाच्या कोर्टावर हा खेळ म्हणजे दोघं दवाखान्यात, आणि उन्हाळ्यात भरिताची ती हिरवी वांगी तशी मिळत पण नाहीत, मिळाली तरी कडवट निघतात.

आता तू विचारलंस कोण जिंकेल तर तुझ्या वर्णनावरून सांगतो. एक पाऊल आणि दोन आकडे हा नियम ठेवलात तर पहिले चार-पाच गेम तो घेऊन जाईल, 4-1 वगैरे, तू घाबरशील, जोरात मारायला लागशील. तिथं थांब. त्याचा हात सहाव्या गेमपासून खाली यायला लागतो, मी तसं होताना बघितलंय, थ्रो आधी खोल पडत होते ते सर्व्हिस लाइनवर पडायला लागतात. तेव्हा पुढं ये आणि कोपऱ्यात मार. 7-5 तुझा. पण तो गोफणवाल्या घरचा निघाला आणि टेनिस बॉलवर वाढलेला असला तर मी पैसे त्याच्यावर लावीन, वाईट वाटून घेऊ नको.

बॉल नवा डबा फोडून घे, एकाच डब्यातले तीन. जुना, केस उडालेला बॉल हवेत कमी अडतो आणि त्याच्या हातातून दुप्पट त्रास देतो. आणि वीस माणसांना भरीत करायचं तर किलोला तीन माणसं धर, सात किलो वांगी लागतील, ती भाजायला काट्या आधीच जमवून ठेवा.